ताई, जावा शिकू की डायरेक्ट कॉटलिन?

जावा आणि कॉटलिन ह्या दोन्ही अँड्रॉइड फोनची ॲप्स लिहायच्या भाषा, पहिली जुनी आणि दुसरी नवी. हा प्रश्न मला वर्षभर येतो आणि रिझल्ट लागायचे दिवस आले की जरा जास्तच. कधी कॉलेज रोडला कुणी भेटतं, कधी सोसायटीतल्या काकू फोन करून "आमच्या पोराला जरा सांग गं काय ते" म्हणतात, कधी लांबच्या भावाच्या मित्राचा थेट मेसेज. मी मोबाइल ॲप्सच्या कामात आहे, कंपनी पुण्याची, काम नाशिकमधून, आणि आमच्या टीमसाठी इंटरव्ह्यू घ्यायचं काम बरेच दिवस माझ्याकडे आहे, त्यामुळे लोकांना वाटतं हिला उत्तर माहीत असणार. उत्तर आहे माझ्याकडे, पण ते फोनवर दोन वाक्यांत सांगितलं की हमखास उलटं समजलं जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

तर आधी सरळ सांगून टाकते. रेझ्युमेवर जुन्या भाषेचं नाव आहे म्हणून कुणी नोकरी देत नाही. जुना कोड उघडून त्यात काय चाललंय ते ज्याला सांगता येतं त्याला मात्र देतात, आणि फ्रेशरला तर त्याचा खूपच फायदा होतो. आता हे का ते बघा.

पहिला अँड्रॉइड फोन २००८ ला आला आणि तेव्हापासून ॲप लिहायची भाषा जावा. जेटब्रेन्स ह्या सॉफ्टवेअर कंपनीने कॉटलिन जाहीर केली २०११ ला, तिचं १.० व्हर्जन आलं २०१६ मध्ये, गूगलने ऑफिशियल सपोर्ट दिला २०१७ मध्ये, आणि इथून पुढे कॉटलिन आधी, असं गूगल म्हणालं ते २०१९ ला. मधल्या एवढ्या वर्षांत जगभर जी ॲप्स बनली, बँकांची, विम्याची, कुरिअरची, हॉस्पिटलची, ती जवळपास सगळी जावात. ती कुठे गेली? कुठेच गेली नाहीत, चालू आहेत, रोज लाखो लोक वापरतायत. आणि कॉटलिनची सगळ्यात मोठी सोय अशी की ती जावाबरोबर एकाच प्रोजेक्टमध्ये सुखाने नांदते, तिकडची फाइल इकडून वापरता येते, त्यामुळे जुनं पाडून नवीन बांधायची कुणालाच घाई नसते. नवीन स्क्रीन आली की कॉटलिनमध्ये, आणि लॉगिनचं, पेमेंटचं, सिंकचं सगळं आहे तसं जावात, कारण चालतंय ना, मग कशाला हात लावायचा.

आता टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाच्या वाट्याला काय येतं ते बघा. नवीन फीचर कुणाला नको असतं, ते सीनियर लोक घेतात. नव्याला मिळतो बग. आणि बग असतो कुठल्यातरी पाच-सात वर्षं जुन्या फाइलमध्ये, जिचा लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलाय. म्हणजे जावा सगळ्यात जास्त कुणाला वाचावं लागतं तर जो सगळ्यात शेवटी आला त्याला. कॉलेजमध्ये हे कुणी सांगत नाही, तिथे सांगतात लेटेस्ट शिका, लेटेस्टला डिमांड आहे. डिमांड आहे, खरंय, पण लेटेस्ट शिकून आलेल्यांची रांग पण तेवढीच मोठी आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते जवळून बघितलंय. ओळखीतल्या एका छोट्या टीमने पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी ॲप केलं. ॲप फ्लटरमध्ये, म्हणजे ॲप बनवायच्या गूगलच्या साधनात. नाशिकच्या लहान कंपन्यांमध्ये मला तरी सगळीकडे फ्लटरच दिसतं, एका कोडमधून अँड्रॉइड पण होतं आणि आयफोन पण, क्लायंटचे पैसे वाचतात. ॲपने करायचं एवढंच की वजन आणि भाव टाकला की हिशोबपट्टी ब्लूटूथ प्रिंटरवर छापायची, तो हातात मावणारा छोटा थर्मल प्रिंटर असतो ना, त्यावर. आता असल्या स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो. त्यामुळे "उन्हाळ कांदा" हे दोन शब्द आधी चित्र म्हणून काढायचे, मग त्या चित्राचे काळे-पांढरे ठिपके करायचे, आणि आठ ठिपक्यांचा एक बाइट ह्या हिशोबाने ओळीमागून ओळ प्रिंटरला पाठवायची. ५८ मिमी कागदाच्या प्रिंटरवर एका ओळीत ३८४ ठिपके बसतात, म्हणजे ४८ बाइट.

प्रिंटरबरोबर आली एक जार फाइल, म्हणजे जावाच्या तयार कोडचं गाठोडं, आणि एक सॅम्पल प्रोजेक्ट, अख्खा जावात, कॉमेंट्स चिनी भाषेत. टीममधली पोरं सगळी डार्टवाली, म्हणजे फ्लटरची भाषा येणारी, हुशार, कामाला वाघ. पण फ्लटरमधून अशा प्रिंटरशी बोलायचं तर मेथड चॅनल नावाचा पूल करून अँड्रॉइडच्या बाजूला उतरावं लागतं आणि तिथे डार्ट चालत नाही, कॉटलिन नाहीतर जावाच लागतं. त्यांनी ते सॅम्पल अँड्रॉइड स्टुडिओ ह्या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या कन्व्हर्टरमधून काढून कॉटलिन केलं, नको वाटलं ते उडवलं, पट्टी छापून आली, सगळे खूश. आणि मार्केटमध्ये नेल्यावर सकाळी सगळं व्यवस्थित, दुपारनंतर मात्र पट्टी छापून झाली तरी ॲप म्हणायचं प्रिंटरकडून उत्तर नाही, आणि तीच पट्टी परत छापायचं. एका ट्रॅक्टरला दोन पट्ट्या. शेतकरी गोंधळला आणि व्यापारी त्याहून भडकला, कारण पट्टीवर पैसे चुकते होतात, दोन पट्ट्या फिरल्या तर उद्या जबाबदार कोण.

कारण बघा काय होतं. जावातला बाइट अधिक-उणे चिन्हासकट असतो, त्याची मर्यादा -१२८ ते १२७. प्रिंटरने २५५ पाठवला तर जावात तो -१ म्हणून उतरतो. म्हणून जुन्या जावा कोडमध्ये बाइट वाचला की लगेच त्याच्यावर २५५ चा मास्क लावलेला दिसतो, आकडा परत ० ते २५५ मध्ये आणण्यासाठी. कॉटलिनचा बाइट पण तसाच चिन्हवाला. पण डार्टमध्ये बाइटची लिस्ट सरळ ० ते २५५ अशी वापरायची सवय, त्यामुळे डार्टच्या नजरेला तो मास्क फालतू दिसला आणि साफसफाईत उडाला. त्या प्रिंटरची बॅटरी उतरायला लागली की स्टेटसच्या बाइटमधला, म्हणजे प्रिंटर आपली स्थिती कळवतो त्या आकड्यातला, सगळ्यात वरचा बिट लागायचा, आकडा १२७ च्या वर जायचा, इकडे येताना उणे व्हायचा, तुलना जुळायचीच नाही, आणि ॲपला वाटायचं प्रिंटर गप्प आहे. सकाळी बॅटरी फुल म्हणून सगळं नीट.

हे सापडलं टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीला. डिप्लोमा करून आलेली, पॉलिटेक्निकला जावाचा पेपर होता म्हणून जावा झालेलं, खूप काही येत होतं अशातला भाग नाही. तिने फक्त एवढंच केलं की बाकीचे कॉटलिनची फाइल परत परत वाचत होते तेव्हा हिने मूळ जावाचं सॅम्पल उघडून दोन्ही शेजारी ठेवून ओळ ओळ लावून बघितली, आणि विचारलं की हे इथे होतं ते तिकडे का नाही. बस. पुढे ती दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेली तेव्हा समोरच्याने जावाची व्याख्या-बिख्या काही विचारली नाही, ह्या पट्टीबद्दल मात्र खोदून खोदून विचारलं, आणि तिला घेतलं. मला विचाराल तर बरोबर केलं त्यांनी. मी पण तेच केलं असतं.

असे प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारी मशीन, वजनकाटे, कार्ड स्वाइप करायची मशीन, ह्या सगळ्यांबरोबर येणारा कोड अजून खूप ठिकाणी जावातच येतो. नाशिकमध्ये ज्या प्रकारची कामं येतात, द्राक्षवाले, कांदावाले, अंबड-सातपूरचे कारखाने, ट्रान्सपोर्टवाले, त्यांच्या ॲपमध्ये असं एकतरी यंत्र असतंच. त्यामुळे इथल्या मुलांना हे मी जास्त जोर देऊन सांगते.

पण मग "आधी जावा, मग बाकीचं" असं करायचं का? तर अजिबात नाही, आणि घोळ इथेच होतो. सातपूरला फिटर म्हणून काम केलेले एक काका मुलीला घेऊन आले होते, ते म्हणाले आम्हाला आयटीआयला आधी नुसतं फाइलिंग करायला लावायचे, लोखंडाचा तुकडा घासून घासून काटकोनात आणायचा, तोवर मशीनला हात लावू द्यायचे नाहीत, तसं हिला आधी जावा पक्कं करू दे, बरोबर ना मॅडम? काकांचा हिशोब त्यांच्या कामात सोळा आणे खरा आहे, कारण फाइलिंगने हात तयार होतो आणि तोच हात पुढे मशीनवर लागतो. मोबाइलमध्ये मात्र नुसतं जावा पक्कं केलेला मुलगा आजच्या पद्धतीची एक नवीन स्क्रीन बनवू शकत नाही. जेटपॅक कंपोज हे अँड्रॉइडच्या स्क्रीन बनवायचं गूगलचं साधन २०२१ ला स्टेबल झालं, आज नव्या स्क्रीन बहुतेक त्यातच होतात, आणि कंपोजची फंक्शन्स जावातून लिहिताच येत नाहीत, त्याला कॉटलिनच लागते. आयफोनकडे पण तेच, ॲपलचं तसंच साधन स्विफ्टयूआय २०१९ ला आलं आणि ते आयफोनच्या जुन्या भाषेतून, ऑब्जेक्टिव्ह-सीमधून, लिहिता येत नाही. म्हणजे नुसती जुनी भाषा घेऊन आलात तर दारातूनच परत.

इंटरव्ह्यूला अशी पोरं येतात, सहा-आठ महिने कोअर जावाचा क्लास केलेली, घरच्यांनी फी भरलेली, इनहेरिटन्सचे प्रकार धडाधडा म्हणून दाखवतात, आणि तू केलेलं एखादं ॲप दाखव म्हटलं की खाली बघतात. मला त्या पोरांचं फार वाईट वाटतं कारण मेहनत त्यांनी केलेली असते, फक्त क्रम उलटा. म्हणून माझं सांगणं ठरलेलं आहे: आधी कॉटलिन घ्या, किंवा फ्लटर घ्या, एक छोटं ॲप पूर्ण करा, प्ले स्टोअरवर नाही टाकलं तरी चालेल पण स्वतःच्या फोनवर रोज वापरता येईल असं करा. त्यानंतर जावा, आणि ते लिहिण्यासाठी नाही तर वाचण्यासाठी. कॉटलिन नीट येत असेल तर जावा वाचायला शिकणं हे काही आठवड्यांचं काम आहे, त्याला वेगळी फी भरायची गरज नाही.

एक गोष्ट तर अशी आहे की जावा बघितल्याशिवाय कॉटलिन पण अर्धवटच कळते. कॉटलिनचं सगळ्यात मोठं कौतुक काय, तर नल असू शकतं की नाही, म्हणजे व्हॅल्यूची जागा रिकामी असू शकते का, हे ती आधीच विचारते. पण हीच व्हॅल्यू जावाच्या फाइलमधून आली आणि तिथे काही खूण केलेली नसली तर कॉटलिनचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, काहीच बोलत नाही, तुम्हाला वाटतं सेफ आहे, आणि चालू ॲप नल पॉइंटर देऊन आडवं पडतं. मी इंटरव्ह्यूत असाच एक क्रॅश लॉग, म्हणजे ॲप कुठे पडलं त्याची नोंद, समोर ठेवते. जावा कधीच न बघितलेला उमेदवार म्हणतो की कॉटलिनमध्ये असं होऊच शकत नाही. बघितलेला म्हणतो, ही व्हॅल्यू कुठून येते ती फाइल दाखवा. त्या एका वाक्यावर मला बरंच कळतं.

आयफोनवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मला स्वतःला ती जास्त आवडते. ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा आयफोनच्या खूप आधीची, ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह ह्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली. ती स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीने घेतली, १९९६ च्या शेवटी ॲपलने नेक्स्टच विकत घ्यायचं जाहीर केलं, आणि भाषा ॲपलमध्ये आली. आजही आयफोनच्या कोडमध्ये जागोजागी एनएस-स्ट्रिंग, एनएस-डेटा असं जे एनएस दिसतं ते नेक्स्टस्टेपचं. ॲपलची नवी भाषा स्विफ्ट जाहीर झाली जून २०१४ मध्ये. मग दहा वर्षं उलटून गेली तरी जुनी का टिकली? एक कारण असं की स्विफ्ट सुरुवातीला दरवर्षी बदलायची, २०१६ च्या स्विफ्ट ३ ने तर जुना स्विफ्ट कोड ढीगभर मोडला, आणि एका व्हर्जनने बनवलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या ॲपमध्ये वापरायचा तयार कोड, दुसऱ्या व्हर्जनबरोबर चालेल ह्याची खात्री नव्हती. ते स्थिर झालं २०१९ च्या आसपास. तोपर्यंत ज्या कंपन्या दुसऱ्यांना वापरायला लायब्ररी विकतात, त्यातल्या पुष्कळ जणांनी शहाणपणाने ऑब्जेक्टिव्ह-सीच ठेवली. त्या लायब्ऱ्या अजून पोटात घेऊन किती ॲप्स चाललीत.

पहिल्यांदा बघताना ती विचित्रच दिसते, सगळीकडे चौकोनी कंस, आणि मेथडची नावं अख्ख्या वाक्याएवढी लांब. पण चार दिवस वाचली की डोळा बसतो, उलट त्या लांब नावांमुळेच कुठला पॅरामीटर कशासाठी आहे ते कळतं. खरा धडा वेगळाच आहे. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये एखादी गोष्ट निल, म्हणजे रिकामी, असली आणि तुम्ही तिला काही विचारलं, तर ॲप पडत नाही, गपचूप शून्य किंवा निल परत येतं. समजा पत्ता नाही, पत्त्यातलं शहर विचारलं, शहराच्या नावाची लांबी विचारली, उत्तर आलं शून्य, पुढे चला. वर्षानुवर्षं ॲप ह्या आधारावर चालतं, आणि हा आधार कुठे लिहिलेलाही नसतो. मग कुणीतरी ती फाइल स्विफ्टमध्ये आणतो, कंपायलर गप्प बसावा म्हणून उद्गारचिन्ह टाकतो, म्हणजे इथे व्हॅल्यू असणारच असं ठोकून देतो, आणि ज्या माणसाने पत्ता भरलेलाच नाही त्याचं ॲप उघडल्या उघडल्या बंद. ज्याने जुनी भाषा वाचलीय त्याला हे आधीच दिसतं. त्याच्यासारखा माणूस टीमला हवाच असतो, कारण स्विफ्टमध्ये आणायचं काम आज पुष्कळ ठिकाणी चालू आहे आणि अजून बरीच वर्षं चालेल.

लगेच कुणीतरी म्हणेल की जुन्या भाषेतून नव्या भाषेत आता एआय देतं ना करून. देतं, मी पण वापरते, आणि चांगलं देतं. पण वरच्या मास्कसारखी एखादी गोष्ट त्यातून निसटली की ती निसटली आहे हे सांगणार कोण? मूळ फाइल वाचता येणारा माणूस पलीकडे बसलेला लागतोच. उलट भाषांतर करणं स्वस्त झाल्यामुळे तपासायचं काम वाढलंय असं माझं तरी मत झालंय, आणि तपासायला दोन्ही बाजू यायला लागतात.

दुसऱ्या टोकाला जाणारे पण भेटतात. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल ही जुनी भाषा येणाऱ्यांना मदतीला या म्हणून आवाहन केलं होतं, बेकारी भत्त्याच्या जुन्या सिस्टिमवर लोड आला म्हणून, ती बातमी अजून व्हॉट्सॲपवर फिरते आणि काही पालक विचारतात कोबोल शिकवू का. कोबोल १९५९ ची, मोठ्या बँकांच्या मेनफ्रेमची, म्हणजे अवाढव्य कॉम्प्युटरची, ते काम चांगलं आहे पण ते वेगळं दुकान आहे, मोबाइलवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही. जुनी आहे म्हणून शिकायची नाही, तुमच्या ॲपच्या पोटात आज आहे म्हणून शिकायची, एवढीच माझी कसोटी.

ह्या कसोटीवर सी ही जुनी भाषा बसते. गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम काढला की अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठी येणारी नवी ॲप्स आणि अपडेट्स १६ केबी मेमरी पेजवर, म्हणजे मेमरी १६ केबीच्या तुकड्यांत वाटणाऱ्या फोनवर, चालली पाहिजेत. शुद्ध जावा-कॉटलिनच्या ॲपला ह्याचा काही त्रास नाही, पण ज्यांच्यात सी किंवा सी++ मधून बनवलेल्या लायब्ऱ्या होत्या, फोटो छोटा करणाऱ्या, कागद स्कॅन करणाऱ्या, त्यांना त्या परत बनवून घ्याव्या लागल्या. त्या धावपळीत प्रत्येक टीममध्ये एकच प्रश्न, ह्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुठे आहे आणि त्यातून लायब्ररी परत बनवता कुणाला येते. हात वर करणारा एखादाच.

राहिला प्रश्न सराव कुठे करायचा. आयफोनचं सांगताना मला दर वेळी जड जातं, कारण एक्सकोड हे आयफोनची ॲप्स बनवायचं सॉफ्टवेअर फक्त ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर चालतं आणि नाशिकमधल्या सगळ्याच घरांत मॅक घ्यायची ऐपत नसते, त्या घरातल्या मुलाला ऑब्जेक्टिव्ह-सी शिक म्हणणं मला पटत नाही. त्याने अँड्रॉइडकडेच जावं. आणि त्याला मी सांगते की सिग्नल ह्या मेसेजिंग ॲपचा अँड्रॉइड कोड गिटहब ह्या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी उघडा आहे, त्यात जावा आणि कॉटलिन शेजारी शेजारी आहे, न्यूपाइप ह्या व्हिडिओ बघायच्या ॲपमध्ये तर जावा भरपूर आहे. वाचायला स्टुडिओ पण लागत नाही, मोबाइलच्या ब्राउझरवर दिसतं. एक जावाची फाइल निवडायची, तिची हिस्टरी उघडायची, आणि एकेक बदल का केला असेल ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचं, मराठीत लिहिलं तरी हरकत नाही. असा एखादा बदल इंटरव्ह्यूत समजावून सांगता आला तर तो रेझ्युमेवर "जावा" लिहिण्यापेक्षा जास्त ऐकला जातो, निदान मी जिथे बसते तिथे तरी.